नकार द्या, पण कारण सांगा

आजचा विषय तसा रुक्ष आहे, पण गेले दोन-तीन वीकेंड डोक्यात घोळतोय म्हणून लिहून टाकतो. विषय असा: परदेशातल्या रेल्वेचं तिकीट इथे बसून, इथल्या बँकेच्या कार्डावर ऑनलाइन काढणे. 'काढणे' हा शब्द जरा आशावादी झाला. 'काढायचा प्रयत्न करणे' म्हणू.

आधीच सांगतो, 'आपल्याकडे सगळं भिकार आणि तिकडे सगळं भारी' असला हा लेख नाही. ऑनलाइन पैसे द्यायच्या बाबतीत आपण बऱ्याच देशांच्या पुढे आहोत, आणि तिकडच्या रेल्वेच्या साईटी काही फार शहाण्या नसतात. माझी तक्रार एकच आहे. कार्ड नाकारायचा हक्क बँकेला आहे, शंभर टक्के आहे. पण का नाकारलं हे ज्याचं कार्ड आहे त्यालाच न सांगायचा हक्क तिला कुणी दिला? बरं, कारण माहीत नसतं अशातला भाग नाही. ते माहीत असतं, आकड्यात नोंदवलेलं असतं. फक्त आपल्यापर्यंत येत नाही.

तर झालं असं. मी नोकरीला पुण्यात, घर अक्कलकोटला. ताई आणि दाजी गेली काही वर्षं युरोपात आहेत. आई-बाबा पहिल्यांदाच त्यांच्याकडे निघाले होते. बाबा शाळेतून रिटायर झालेले, आणि त्यांचा एक नियम आहे: लेकीकडे राहायला जायचं, पण जावयाच्या पैशाने फिरायचं नाही. ताईच्या गावाहून दोन दिवस शेजारच्या देशात रेल्वेने जाऊन यायचं ठरलं, तेव्हा बाबांनी लगेच जाहीर केलं, "चौघांची तिकिटं माझ्याकडून." रोख पैसे माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "तू ते कार्डावर काय ते कर."

तिकडे लांबच्या गाड्यांची भाडी विमानासारखी असतात. लवकर काढलं तर स्वस्त, गाडी भरत जाईल तशी महाग. म्हणून शुक्रवारी रात्री घरी पोचल्या पोचल्या लॅपटॉप उघडला.

पहिलं कार्ड माझं. परदेशी व्यवहाराचं बटण अॅपमध्ये चालू, लिमिट भरपूर. ओटीपी विचारलाच नाही, थेट उत्तर आलं: पेमेंट झालं नाही, दुसरं कार्ड वापरून बघा. दुसरं कार्ड दुसऱ्या बँकेचं. ओटीपी आला, टाकला, चक्र फिरत राहिलं, आणि शेवटी एक पांढरंशुभ्र पान. तिकीट नाही, पण फोनवर बँकेचा मेसेज हजर, अमुक इतके युरो खर्च झाले म्हणून! तिसरं कार्ड बाबांचं, पेन्शन खात्याचं, रूपे. साईटवर ज्या कार्डांची चित्रं होती त्यांत ते नव्हतंच. खरं सांगायचं तर तीनपैकी हा एकच नकार मला आवडला, कारण तो आधीच, चित्रासकट, स्पष्ट दिला होता.

शेजारचा मित्र मधेच डोकावून गेला. "काय करालाय बे? दोन तास झाले." त्याला काय सांगणार? तिकीट काढालोय म्हणून?

मग हेल्पलाइन. पहिली बँक म्हणाली, "सर, आमच्याकडून काही प्रॉब्लेम दिसत नाही, तुम्ही मर्चंटला विचारा." मर्चंट म्हणजे ती रेल्वे. तिला ईमेल केला. उत्तर आलं, कृपया आपल्या बँकेशी संपर्क साधावा. दुसऱ्या दिवशी भाडं वाढलं. शेवटी ताईने दाजींना सांगितलं, आणि दाजींनी तिकडच्या कार्डावर दोन मिनिटांत चारही तिकिटं काढली. तीच साईट, तीच गाडी, तेच पैसे. बाबा काही बोलले नाहीत. फक्त त्यांच्या डायरीत युरोचा आकडा लिहून ठेवला, परत करायचे म्हणून.

आता कुणी म्हणेल, निघाली ना तिकिटं, मग एवढं काय? पण बाबांच्या दृष्टीने कुणाच्या कार्डावर निघाली हाच तर प्रश्न होता. आणि माझ्या दृष्टीने प्रश्न असा की, एवढं सगळं करूनही पहिलं कार्ड का चाललं नाही हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

पडद्यामागे काय होतं ते बघू. आपण 'पे' दाबलं की आपला निरोप चार दारांतून जातो. पहिलं दार दुकानदाराचं, म्हणजे इथे रेल्वेचं. दुसरं त्याच्या बँकेचं किंवा गेटवेचं. तिसरं व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या नेटवर्कचं. चौथं आपल्या बँकेचं. आपली बँक ठरवते, हो की नाही. मग उत्तर त्याच दारांतून उलटं परत येतं. हे सगळं दोन-तीन सेकंदांत.

हे उत्तर म्हणजे 'हो' किंवा 'नाही' एवढंच नसतं. कार्डांच्या निरोपांची एक आंतरराष्ट्रीय प्रमाणभाषा आहे, आयएसओ ८५८३ नावाची. १९८७ साली ती पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठी. तिच्यात उत्तरासाठी दोन अक्षरांची जागा राखून ठेवलेली आहे. '००' म्हणजे मंजूर. '५१' म्हणजे पुरेसे पैसे नाहीत. '५४' म्हणजे कार्डाची मुदत संपली. '५७' म्हणजे या कार्डाला या प्रकारच्या व्यवहाराची परवानगी नाही. '९१' म्हणजे बँकेचं यंत्रच उत्तर देत नाहीये. अशी भली मोठी यादी आहे.

आणि या यादीत एक फार मजेशीर आकडा आहे, '०५'. त्याचा अधिकृत अर्थ इतकाच की, मान्य करू नका. बस्स. का, कशासाठी, काही नाही. बँकेला काही बोलायचं नसेल तर ती '०५' म्हणते आणि गप्प बसते. बाहेरच्यांसाठी '०५' असला तरी बँकेच्या आत मात्र खरं कारण असतंच. कारण नकार काही आपोआप आकाशातून पडत नाही. कुठल्यातरी प्रोग्रॅममध्ये कुठलीतरी अट तपासली गेली आणि ती पूर्ण झाली नाही, म्हणून नकार आला. माझ्यासारख्याच कुणीतरी ती अट लिहिलेली असते आणि तिची लॉगमध्ये नोंदही होत असते. हेल्पलाइनवरच्या मुलाच्या स्क्रीनवर ती नोंद दिसत नाही, हा त्या मुलाचा दोष नाही. त्याला ती दाखवायची नाही असं कुणीतरी ठरवलेलं आहे.

बरं, नकाराची संभाव्य कारणं तरी कोणती? मला चार-पाच दिसतात, आणि गंमत अशी की प्रत्येकामागे एक शहाणा विचार आहे.

पहिलं, बटण. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून ते अमलात आलं. नवं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन वापर, परदेशी वापर, टॅप करून पैसे देणं, हे सगळं आपण स्वतः चालू करायचं. जुनी कार्डं जी कधी ऑनलाइन किंवा परदेशात वापरलीच नव्हती, त्यांच्या त्या सोयीही बंद करायच्या होत्या. नियम उत्तम आहे. पण काही बँकांच्या अॅपमध्ये 'परदेशी वापर' आणि 'परदेशी ऑनलाइन वापर' ही दोन वेगळी बटणं असतात, आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी ठेवावी लागते. बाबांच्या वयाच्या माणसाने हे कसं ओळखायचं?

दुसरं, ओटीपी. १ ऑगस्ट २००९ पासून आपल्याकडे देशातल्या ऑनलाइन खरेदीला कार्डावर छापलेल्या माहितीशिवाय आणखी एक खात्री सक्तीची झाली. आधी पासवर्ड होता, नंतर ओटीपी आला. आपण त्यात जगाच्या कितीतरी आधी. पण परदेशी दुकानदारावर हा भारतीय नियम लागू नव्हता. तो नुसत्या कार्ड नंबरवर पैसे मागू शकत होता. मग युरोपने स्वतःचा तसाच नियम केला. तो सप्टेंबर २०१९ मध्ये लागू झाला, पण ऑनलाइन खरेदीसाठी त्याची खरी अंमलबजावणी २०२० च्या अखेरनंतर झाली. तो नियम मुळात युरोपातल्या कार्डांचा विचार करून लिहिलेला. बाहेरच्या देशाचं कार्ड आलं तर काय करायचं, हे बरंचसं त्या त्या साईटच्या गेटवेवर सोडलेलं. म्हणून एक साईट ओटीपी विचारते, दुसरी विचारत नाही, तिसरी विचारते पण उत्तराची वाट नीट बघत नाही. इकडे आपल्या बँकेचं यंत्र ओटीपी नसलेला परदेशी व्यवहार बघून दचकतं. दोघेही सावध, आणि मधे आपण.

तिसरं, पत्ता. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन या देशांत कार्ड तपासायची एक पद्धत आहे: बिलाच्या पत्त्यातले आकडे आणि पोस्टाचा कोड बँकेकडच्या नोंदीशी जुळतात का ते बघायचं. आपल्याकडे ही पद्धत रुजलेली नाही. तिकडच्या काही साईटी पाच आकडी कोडासाठी पाचच घरं ठेवतात. आमचा अक्कलकोटचा पिनकोड ४१३२१६, मोजून सहा आकडे. आता यातला कुठला आकडा वगळायचा? आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि त्यामागे डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाचं. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे लेखक. देशात एकाच नावाची कितीतरी गावं, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असा आकडा त्यांनी दिला. पन्नास वर्षांनी तोच आकडा एका परदेशी फॉर्ममध्ये मावत नाही!

चौथं, संशय. बँकेचा एक प्रोग्रॅम आपल्या सवयींवर नजर ठेवून असतो. जे कार्ड एरवी किराणा, पेट्रोल आणि वीजबिल यांच्यापलीकडे जात नाही, ते अचानक रात्री अकरा वाजता युरोमध्ये मोठी रक्कम देऊ लागलं तर त्याला संशय येणारच. आणि नकार मिळाला की आपण काय करतो? पुन्हा तोच प्रयत्न, मग पुन्हा. त्याने संशय आणखी वाढतो. म्हणजे कारण न सांगितल्यामुळे आपण जे करतो, त्यामुळेच आपण आणखी चोरासारखे दिसतो.

पाचवं, नेटवर्क. रूपे २०१२ पासून आहे, आणि परदेशात ते काही जागतिक नेटवर्कशी करार करून चालतं. पण ते करार रूपेच्या ठरावीक प्रकारच्या कार्डांना लागू आहेत, आणि परदेशी रेल्वेच्या पानावर त्या नेटवर्कचं चित्र असेलच असं नाही. यूपीआयचंही तसंच. आयफेल टॉवरचं तिकीट २०२४ पासून यूपीआयने काढता येऊ लागलं, त्याच्या केवढ्या बातम्या झाल्या. छानच झालं. पण टॉवरपर्यंत नेणाऱ्या गाड्यांच्या साईटी बहुतेक ठिकाणी अजून कार्डच मागतात.

यातलं माझ्या पहिल्या कार्डाला नेमकं कुठलं कारण लागू पडलं? पहिलं नक्की नाही, पाचवंही नाही. उरलेल्या तिनांपैकी कुठलंही असू शकतं. इंजिनिअर असून मी अंदाज करतोय. आमच्या गल्लीत ज्यांची मुलं परदेशात आहेत अशी दोन-तीन घरं सहज निघतील. त्यांनी काय करायचं?

अडकलेल्या पैशांचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या कार्डावरचे ते युरो नवव्या दिवशी परत दिसू लागले. असे पैसे बहुधा खरे गेलेले नसतात. बँकेने ते दुकानदारासाठी राखून ठेवलेले असतात, आणि दुकानदाराने मागितले नाहीत की काही दिवसांनी मोकळे होतात. पण मेसेज मात्र येतो 'खर्च झाले' असा. आपल्याकडे याला चांगला नियम आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगितलं की, कार्डावरून ऑनलाइन पैसे गेले पण दुकानदाराकडे पोच झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर रोज शंभर रुपये भरपाई. वाचून बरं वाटलं. मग पुढची ओळ वाचली. हा नियम फक्त देशांतर्गत व्यवहारांना, म्हणजे देणारा आणि घेणारा दोघेही भारतात असतील तरच. झालं! जिथे माणूस सगळ्यात हतबल असतो, म्हणजे दुकानदार परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या वेळेत, नेमका तिथेच नियम संपतो.

आता आपली दुसरी बाजूही बघितली पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी होईल. आपली रेल्वे परदेशात बसलेल्या माणसाशी कशी वागते? २००२ पासून आपल्याकडे ऑनलाइन तिकिटं मिळतात. अक्कलकोटचे कितीतरी लोक आज अमेरिकेत, आखातात, युरोपात आहेत. त्यांना आईवडिलांसाठी सोलापूरहून मुंबईचं सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट तिथून काढायचं झालं, तर खातं, मोबाईल नंबर, ओटीपी इथपासून सुरुवात. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खातं आधारशी पडताळलेलं असणं सक्तीचं झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून साध्या आरक्षणाच्याही सुरुवातीच्या काळात आधारवाल्या खात्यांनाच प्रवेश. दलालांना आणि त्यांच्या प्रोग्रॅमना रोखायला हे केलं, आणि ते गरजेचंही असेल. पण न्यू जर्सीत बसलेला, परदेशी नागरिक झालेला, आधार नसलेला मुलगा त्यात आपोआप बाहेर राहतो. ताईची साईट आम्हाला परकं समजते, आमची साईट तिच्या शेजाऱ्यांना. फिट्टंफाट!

म्हणून 'इंटरनेटमुळे जग जवळ आलं' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. माहितीसाठी जग जवळ आलं. गाडी किती वाजता सुटते, कुठल्या फलाटावर येते, डब्यात सायकल ठेवता येते का, हे सगळं अक्कलकोटात बसून कळतं. पैसे द्यायची वेळ आली की प्रत्येक देशाची वेस पुन्हा उभी राहते. पूर्वी कार्डांवर 'फक्त भारत आणि नेपाळमध्ये वैध' असं छापलेलं असायचं. तेव्हा वाईट वाटायचं, पण आता वाटतं, त्यात एक प्रामाणिकपणा होता. आज कार्डावर 'इंटरनॅशनल' छापलेलं असतं आणि ते कुठे चालणार नाही हे मात्र वापरून बघितल्यावरच कळतं.

माझ्या म्हणण्यावर एक जोरदार आक्षेप येऊ शकतो, आणि तो खरा आहे. कारण सांगितलं तर चोरांचं फावतं. चोरलेले कार्ड नंबर घेऊन चोर साईटीवर छोट्या रकमा घालून बघत बसतात. साईटने 'मुदतीची तारीख चुकली' असं सांगितलं तर चोर पुढची तारीख घालून बघणार. 'पैसे कमी आहेत' म्हटलं तर कमी रक्कम घालणार. म्हणून साईटवर मोघम उत्तर देणंच बरोबर. मान्य, एकदम मान्य.

पण कारण साईटवर सांगा असं मी म्हणतच नाहीये. कारण कार्डाच्या मालकाला सांगा. बँकेकडे माझा मोबाईल नंबर आहे, तो तिने स्वतः पडताळलेला आहे. ओटीपी त्यावरच येतो, आणि खर्चाचा मेसेजही. मग नकाराचं कारण त्यावर यायला काय हरकत आहे? 'तुमच्या कार्डावर परदेशी ऑनलाइन वापराची मर्यादा शून्य आहे.' 'हा व्यवहार संशयास्पद वाटल्यामुळे थांबवला आहे, तुम्हीच केला असेल तर अॅपमध्ये हो म्हणा.' 'दुकानदाराने ओटीपीची मागणी केली नाही, म्हणून नाकारला.' एवढंच, एका ओळीत, आणि मराठीत आलं तर सोन्याहून पिवळं. चोराच्या हातात माझा फोन नसतो. उलट असा मेसेज आला तर चोरीही मलाच आधी कळेल. काही बँका काही कारणांसाठी असे मेसेज पाठवतातही. म्हणजे तांत्रिक अडचण नाही. सगळ्यांनी, सगळ्या कारणांसाठी पाठवावेत अशी सक्ती नाही, एवढंच.

दुसरा आक्षेप: असे कितीसे लोक परदेशी रेल्वेची तिकिटं काढतात? कमी असतील. बहुतेक मराठी माणूस युरोपला जातो तो टूरने. १९८४ पासून केसरी आहे, २०१३ पासून वीणा वर्ल्ड आहे, बसमध्ये बसलं की नाश्त्याला पोहेसुद्धा मिळतात. त्यात वाईट काहीच नाही. पण ज्याला स्वतःच्या हिमतीने, स्वतःच्या वेळापत्रकाने फिरायचंय त्याच्यासमोर दोनच रस्ते राहू नयेत, एक टूरचा आणि दुसरा जावयाच्या कार्डाचा. आणि प्रश्न नुसत्या रेल्वेचा नाही. परदेशातल्या परीक्षेची फी, कॉलेजच्या अर्जाची फी, व्हिसाची फी, सगळीकडे हेच पांढरं पान आहे. तिकीट हुकलं तर दुसऱ्या दिवशी महाग मिळतं. अर्जाची शेवटची तारीख हुकली तर मुलाचं वर्ष जातं.

संधी चांगली आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये ऑनलाइन व्यवहारांच्या पडताळणीचे नवे निर्देश काढले. त्यात परदेशी साईटवरच्या कार्ड व्यवहारांसाठी वेगळं कलम आहे. परदेशी दुकानदाराने किंवा त्याच्या बँकेने जास्तीची पडताळणी मागितली, तर ती करून देण्याची व्यवस्था भारतीय बँकांनी ठेवायची, आणि त्यासाठी १ ऑक्टोबर २०२६ ही तारीख ठरवून दिली. म्हणजे ओटीपीचा तिढा काही प्रमाणात तरी सुटेल. त्यालाच जोडून दोन गोष्टी हव्यात. एक, नकार दिला की कारण कार्डधारकाच्या फोनवर, तात्काळ. दोन, २०१९ च्या भरपाईच्या नियमाला परदेशी व्यवहारांसाठी भावंड. शंभर रुपये रोज नको, पण परदेशी दुकानदाराने इतक्या दिवसांत पैसे मागितले नाहीत तर राखून ठेवलेली रक्कम मोकळी करायची आणि तसं कळवायचं, एवढं बंधन तरी आपल्या बँकेवर घालता येईल. ती तर भारतातच आहे ना?

हे होईपर्यंत ज्यांना उद्याच तिकीट काढायचंय त्यांच्यासाठी थोडं व्यावहारिक.

अॅपमध्ये 'परदेशी' आणि 'ऑनलाइन' दोन्ही चालू आहेत का आणि त्यांची मर्यादा तिकिटापेक्षा जास्त आहे का, हे साईट उघडायच्या आधी बघा. काम झालं की बंद करा. नाव कार्डावर आहे तसंच लिहा. एकदा नकार आला की लगेच पुन्हा दाबू नका. बँकेचा मेसेज, ईमेल, सगळं तपासा, अॅपमध्ये 'हा व्यवहार तुम्ही केला का' असा प्रश्न आलाय का बघा. दुसऱ्यांदाही नाही झालं तर कार्ड आणि नेटवर्क दोन्ही बदला. व्हिसा नाही तर मास्टरकार्ड. पैसे रुपयांत द्यायचा पर्याय साईटने दिला तर तो घेऊ नका, तिच्याच चलनात द्या. रुपयांचा दर ते ठरवतात आणि तो बहुधा महाग पडतो. परदेशी चलनाच्या खर्चावर बँकेचं शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो हिशोबात धरा. पैसे गेले आणि तिकीट नाही असं झालं तर स्क्रीनचा फोटो, तारीख, वेळ आणि रक्कम जपून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा, फोनवर नको. फोनवरची तक्रार हवेत विरते. आणि सर्वात महत्त्वाचं, परदेशात गेल्यावर तिथून तिकीट काढणार असाल तर इथल्या सिमवर तिथे ओटीपी येतो का याची निघायच्या आधीच सोय लावून ठेवा. आमच्या आई-बाबांच्या सिमला रोमिंग सुरू करणं हे तर एक स्वतंत्र महाभारत होतं. असो.

आमच्या गावापासून अक्कलकोट रोड स्टेशन दहा-अकरा किलोमीटरवर आहे. तिथल्या खिडकीवरचा माणूस काही फार गोड बोलतो असं नाही. पण तिकीट नसेल तर 'वेटिंग आहे' म्हणतो, फॉर्म चुकला असेल तर 'तारीख टाका' म्हणून फॉर्म परत देतो. आपल्याला कळतं, काय चुकलं आणि आता काय करायचं. ऑनलाइन खिडकीने रांग संपवली, पायपीट वाचवली, त्याबद्दल तिचे आभारच. पण साध्या खिडकीत जे फुकट मिळत होतं, तेवढं एका ओळीचं उत्तर तिनेही द्यावं. मग नकार पचवायला आम्ही तयार आहोत.